बरी झाल्याची चुनरी

माझी चूक आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला माझ्याबद्दल उगाच बरं वाटायला नको. माझ्या बायकोला कॅन्सर आहे, आणि तो असताना मी ती बरी झाल्याचं गावभर जाहीर केलं. नुसतं तोंडी नाही. नर्मदेच्या या काठापासून त्या काठापर्यंत साड्यांची चुनरी ताणून, तीन नावा भरून साक्षीदार घेऊन, हलवा-पुरी वाढून जाहीर केलं. हे मी अज्ञानातून केलं नाही. डॉक्टरांनी मला सगळं नीट समजावून सांगितलं होतं. मी मान डोलावली होती आणि वहीत लिहूनही घेतलं होतं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. बायको फार थकायला लागली. आमचं जबलपूरच्या फॅक्टरीचं क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर आहे. ती भाजीची पिशवी घेऊन पहिल्या मजल्यावर पायरीवर बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं की गप्पा मारायला बसली आहे. मलाही तेच वाटायचं. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी नको तितक्या. जबलपूरच्या डॉक्टरांनी पुढच्या तपासणीसाठी नागपूरला पाठवलं. आमच्याकडच्या मराठी माणसाला नागपूरला पाठवलं की निम्मं बरं वाटतं, कारण तिथं आजार आपल्या भाषेत सांगतात.

नागपूरच्या डॉक्टरांनी तो खरोखरच आपल्या भाषेत सांगितला. "हा रक्ताचा कॅन्सर आहे, पण घाई करणारा नाही. रोज एक गोळी घ्यायची. खाल्ल्यानंतर, मोठा ग्लास भरून पाण्याबरोबर. गोळी आहे तोवर आजार झोपलेला राहील. गोळीशी खेळ केला तर उठेल."

"किती दिवस घ्यायची?" मी विचारलं.

"दिवसांत मोजू नका. शुगरवाले घेतात ना, तशी. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. यांच्यासारखे पुष्कळ लोक वर्षानुवर्षं छान जगतात. बरे म्हणून नाही, आजार सांभाळून जगतात."

हे वाक्य मी वहीत लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. रेघ मारून घेतली की गोष्ट समजली असा माझा समज आहे. शाळेपासूनचा.

पण माझी अडचण अशी होती की नागपूरला जायच्या आधी, रिपोर्टची वाट पाहण्याच्या आठवड्यात, मी नर्मदेच्या ग्वारीघाटावर नवस बोलून बसलो होतो. आणि तो मनातल्या मनात नाही, माझ्या मोठ्या बहिणीच्या देखत. ताई जबलपुरातच, विजय नगरला राहते. तिच्या देखत बोललेली गोष्ट विसरली जात नाही; फार तर तुम्हाला ती तिच्या तोंडून पुन्हा ऐकावी लागते. मी हात जोडून म्हणालो होतो, "मैया, ही बरी झाली तर चुनरी चढवीन, या काठापासून त्या काठापर्यंत." बरी झाली तर. नवसात दुसरा रकाना नव्हता.

यात माझ्या नोकरीचाही दोष आहे. मी फॅक्टरीत तपासणी विभागात आहे. सव्वीस वर्षं माझ्या टेबलावर धातूचे तुकडे येतात, मी ते मापतो आणि त्यांच्या कागदावर शिक्का मारतो. पास किंवा रिजेक्ट. असा माणूस बायकोच्या आजाराकडे दुसऱ्या कोणत्या नजरेनं बघणार?

पहिलं वर्ष भेटायला येणाऱ्यांचं होतं. प्रत्येकानं काहीतरी आणलं. एकानं गव्हाच्या कोवळ्या पात्यांचा रस, एकानं गुळवेल, एका निवृत्त सुपरवायझरनं बाटलीत भरलेलं असं काही, जे काय आहे हे न विचारता प्यायचं होतं. एका काकूंनी मंत्र आणला, तो निदान कडू नव्हता. बायको सगळ्यांना "हो, घेते" म्हणायची आणि नाश्त्यानंतर आपली गोळी घ्यायची. गोळीनं तास-दीड तास मळमळायचं, पायांत गोळे यायचे, आणि डोळ्यांखाली सूज येऊन चेहरा भरल्यासारखा दिसायचा. लोक म्हणायचे, "अरे वा, तब्येत तर मस्त झाली!" ती हसायची. ती सूज आहे हे सांगण्यापेक्षा हसणं सोपं होतं.

दोन वर्षांनी रिपोर्ट फार चांगला आला. डॉक्टर म्हणाले, "आजार आता तपासणीत जवळजवळ दिसत नाही. गोळी उत्तम काम करते आहे. चालू ठेवा." यातलं "चालू ठेवा" मी परतीच्या वाटेवर, सिवनी येईपर्यंतच विसरलो. जबलपूरला पोचेपर्यंत माझ्याकडे "दिसत नाही" एवढंच उरलं होतं. ते मी ताईला फोनवर सांगितलं.

"मंग चुनरीचं काय?" ताईनं लगेच विचारलं. "मैयाचं काम झालं, आता तुझं करून टाक. काहून अडकवून ठेवते माणूस असं देवाचं?"

"ताई, गोळी तर चालूच आहे ना."

"अरे गोळी मलाही चालू आहे बीपीची. मी काय आजारी आहो?"

या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर होतं, वहीत, रेघ मारलेलं. मी वही उघडली नाही. खरं सांगायचं तर मला ते उत्तर नकोच होतं. दोन वर्षं मी फॅक्टरीत, बाजारात, लग्नांत, "कशी आहे आता?" या प्रश्नाला उत्तर देऊन थकलो होतो. "आहे, पण ठीक आहे, पण आहे" हे ऐकायला कुणी थांबत नाही. "बरी झाली" म्हटलं की लोक पाठीवर थाप मारतात आणि चहा मागवतात. मी एकदा म्हणून पाहिलं. चहा आला.

चुनरीसाठी आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या बायकांनी एकेक साडी दिली. त्या एकमेकींना जोडून लांबच लांब पट्टा करायचा असतो. मी सुचवलं की गोहलपूरच्या एखाद्या शिंप्याकडे टाकू, दोन दिवसांत देईल. ताई म्हणाली, "नवसाचं काम घरच्या हाताचं पाहिजे. हिचा हात किती साफ आहे मशीनवर!" तेव्हा माझ्या बायकोनं, पायांत गोळे येत असताना, चार दिवस शिवणयंत्रावर बसून स्वतःच्या बरं होण्याची चुनरी स्वतःच शिवली. मी साड्यांची टोकं धरून समोर उभा राहायचो आणि मदत करतो आहे असं मला वाटायचं. एकदा ती मशीन थांबवून म्हणाली, "अहो, मी खरंच बरी आहे का?" मी म्हणालो, "रिपोर्ट बघितला ना तू." तिनं मान खाली घालून पुन्हा पाय चालवायला सुरुवात केली.

सोहळा उत्तम झाला. मी रडलो, ताई रडली, पूजा सांगणारे पंडितजी सोडून सगळे रडले. नाववाल्यानं चुनरीचं टोक पलीकडच्या काठाला नेलं, वाऱ्यानं साड्या फुगल्या, मंडळातल्या लोकांनी मोबाइल वर केले. बायकोला हार घातला होता. पूजेमुळे ती सकाळपासून उपाशी होती. दुपारचा एक वाजत आला तेव्हा तिनं माझा शर्ट ओढून हळूच म्हटलं, "माझी गोळी राहिली."

मी तिला काय म्हणालो ते मला शब्दशः आठवतं. मी म्हणालो, "आज राहू दे. आज तू बरी आहेस."

पुढच्या दीड वर्षात जे झालं त्याची सुरुवात या वाक्यात आहे.

बरी झालेल्या बाईला जबलपुरात किती कामं असतात याची मला कल्पना नव्हती. आठवड्याभरात मंडळानं तिला हळदीकुंकवाची प्रमुख केलं. बारशाच्या घुगऱ्या, कुणाच्या मुलीचा रुखवत, गणपतीचे मोदक, सगळीकडे आमंत्रण आणि सगळीकडे काम. पूर्वी ती दुपारी पडायची तेव्हा लोक आवाज न करता यायचे. आता ताई दारातूनच ओरडायची, "काहून झोपून राहिली दिवसा? चुनरी चढली ना तुझी?"

शिवाय ती आता पुरावा झाली होती. गव्हाच्या रसवाले आपल्या ओळखीच्या रोग्यांना घेऊन आमच्या घरी यायचे. "देखिए, हमारा रस पीकर कैसी चंगी हो गईं भाभीजी." गुळवेलवाल्यांचं म्हणणं वेगळं होतं. मंत्राच्या काकू दोघांकडेही कीव करून बघायच्या. ताईला तर कुणाशी वादच घालायची गरज नव्हती, तिच्याकडे फोटो होते. श्रेयासाठी सगळे रांगेत होते, आणि ज्या गोळीनं काम केलं ती शिवणयंत्राच्या खणात, बॉबिनांच्या डब्यात, गपचूप पडलेली असायची. कारण समोर चार पाहुणे बसलेले असताना बऱ्या झालेल्या बाईनं कॅन्सरची गोळी कशी घ्यायची?

एकदा मंडळात मोदक करताना तिला मळमळून आलं आणि ती धावत मोरीकडे गेली. परत आली तर एक बाई म्हणाली, "काय बापा, या वयात गोड बातमी काय?" सगळ्या हसल्या. तीही हसली. हे तिनं मला घरी येऊन गंमत म्हणून सांगितलं आणि मीही गंमत म्हणून ऐकलं. मला कळायला हवं होतं की त्या दिवसानंतर, जिथं चार लोकांत जायचं असेल त्या दिवशी, ती गोळी घेतच नव्हती.

मुलगी इंदूरला नोकरीला आहे. ती पूर्वी रोज फोन करून आईची विचारपूस करायची. चुनरीनंतर ते फोन रविवारवर आले. "पप्पा, मम्मी अब बिल्कुल ठीक है ना?" ती विचारायची. मी म्हणायचो, "एकदम." ती हिंदीत बोलते आणि मी मराठीत, पण खोटं बोलायला मला दोन्ही भाषांत चालणारा तो एकच शब्द पुरायचा.

मधल्या तपासण्यांत आजाराचा आकडा टिकून होता. मग यंदा पावसाळ्यात नागपूरच्या रिपोर्टात तो वर गेलेला निघाला. थोडा नाही. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "गोळ्या चुकल्या का?"

"अजिबात नाही," मी म्हणालो. इतक्या ठामपणे मी सव्वीस वर्षांत एकही तुकडा पास केला नसेल.

"चुकल्या," बायको शेजारून म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं नाही, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. तिलाच विचारलं, "किती?"

"महिन्यातनं सात-आठ. सणाच्या महिन्यात जास्त."

"का पण?"

तिनं मांडीवरची पिशवी सरळ केली. मग म्हणाली, "मी बरी झाली होती ना."

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी फक्त समजावलं की असं तुटक तुटक घेतलं की आजाराला गोळीची सवय होते. तीन महिने एकही न चुकवता घ्यायची, मग पुन्हा तपासू. आकडा उतरला तर हीच गोळी. नाही उतरला तर दुसरी, आणि दुसरीनंतरची यादी काही फार लांब नाही. मी वही काढली होती. या वेळी रेघ मारायला हात उचलला नाही.

बाहेर बाकावर बसल्यावर मला माझ्याच टेबलावरचा एक कागद आठवला. पास आणि रिजेक्ट यांच्याशिवाय आमच्याकडे तिसराही एक शेरा असतो. तुकड्यात दोष आहे, तो कुठं आहे ते माहीत आहे, तरी तो वापरता येतो. मात्र दोष कागदावर लिहून आणि ठरल्या वेळी पुन्हा तपासून. अशा शेकडो कागदांवर मी सही केली आहे. दोष लपवून पुढे पाठवला तर नोकरी जाते, हे मी नव्या पोरांना शिकवतो.

परतीच्या बसनं सिवनीच्या अलीकडे चहासाठी थांबा घेतला. तिथं मी माफी मागायला सुरुवात केली. बायकोनं चहाचा कागदी कप खाली ठेवला.

"इथं कोणाला ऐकवून राहिले तुम्ही?"

"तुला."

"मला माहीत होतं की मी आजारी आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा ना. जाहीर तर घाटावर केलं होतं."

मग मी ते जाहीरपणे सांगायचं ठरवलं, आणि इथं माझी दुसरी चूक झाली. मी मंडळाचा सचिव आहे. गणपतीत आरतीनंतर माइक माझ्याकडे असतो. पाचव्या दिवशी मी सूचना वाचल्या: उद्या गायनस्पर्धा आहे, एक काळी छत्री सापडली आहे, प्रसादाची भांडी आपापली न्यावीत. आणि मग म्हणालो, "आणखी एक. माझी बायको बरी झालेली नाही. मी तुम्हाला सगळ्यांना खोटं सांगितलं."

इथं थांबलो असतो तर ठीक झालं असतं. मी बारा मिनिटं बोललो. नवस, वही, रेघ, माझं मन, माझी झोप, माझं पाप. शेवटी रडलो. लोक उठून आले. निवृत्त सुपरवायझरनं मला मिठी मारली. "भाऊ, किती सोसलं तुम्ही!" कुणी पंखा माझ्याकडे वळवला, कुणी पाणी आणलं. मागून कुणीतरी विचारलं, "म्हणजे परत आला का तो?" मी म्हणालो, "परत नाही, गेलाच नव्हता," पण ते कुणी ऐकलं नाही. ताई मात्र शांत होती. तिला कारण सापडलं होतं. "त्या साड्यांमधे एक जुनी होती," ती म्हणाली. "मी तेव्हाच म्हणली होती, नेसलेली साडी मैयाला चालत नाही."

घरी जाताना स्कूटरवर बायको मागून म्हणाली, "भाषण छान झालं."

मी स्कूटरचा वेग कमी केला.

"पाणी मला कोणी आणलं नाही, तेवढं सोडून."

मुलीला मी त्याच आठवड्यात फोन करून खरं सांगितलं, भाषण न करता. तिनं आधी कधीपासून ते विचारलं. मग ती म्हणाली, "आपने मुझसे डेढ़ साल ले लिया, पप्पा," आणि आईला फोन द्यायला सांगितलं. त्या दिवसापासून ती रोज फोन करते. माझ्याशी बोलते तेव्हा थोडं बोलते.

तीन महिन्यांनंतरचा आकडा आता आला आहे. तो उतरला आहे, पहिल्यासारखा नाही, पण उतरला आहे. गोळी तीच राहिली. यावर मी कुणाला काही जाहीर केलेलं नाही. कुणी विचारलं तर "गोळी चालू आहे" एवढंच सांगतो, आणि चहा न येता तसाच पुढे जातो.

पण माफी मागायची ती त्याआधीच, नवरात्रातल्या एका सकाळी मागून झाली होती. आम्ही पोहे खात होतो. तिच्या ताटलीच्या कडेला गोळी काढून ठेवलेली होती. तेवढ्यात ताई आली, नेहमीसारखी दारातूनच बोलत. "नवमीला नऊ मुली जेवायला घालायच्या आहेत. पुऱ्या हिच्याच हातच्या पाहिजे. सकाळी सातला ये गं, चलो."

बायको "हो ताई" म्हणाली. आणि मी बघितलं की बोलता बोलता तिचा हात आपोआप पुढे गेला आणि तिनं पोह्यांवरचं झाकण उचलून गोळीवर ठेवलं. माझं माइकवरचं भाषण होऊन महिना झाला होता. सगळ्यांना सगळं सांगून झालं होतं. तरी हात झाकत होता, कारण त्या हाताला ते मी शिकवलं होतं.

मी उठलो, मोठा स्टीलचा ग्लास काठोकाठ भरून आणला, झाकण उचलून बाजूला ठेवलं आणि तिच्यासमोर बसलो. ताई म्हणाली, "काय झालं रे?"

"ताई, ती येणार नाही. ती आजारी आहे. तू बस, पोहे खा."

ताई बसली. पोहेही वाढून घेतले, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. बायकोनं गोळी जिभेवर ठेवली आणि ग्लास तोंडाला लावला. तो पूर्ण प्यायला तिला वेळ लागतो. या वेळी रडायचं नाही आणि लांबवायचं नाही असं मी ठरवलं होतं. तिनं ग्लास खाली ठेवल्यावर मी म्हणालो, "तू बरी नाहीस हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी मी तुला बरी म्हटलं, कारण आजारी बाईचा नवरा असण्याचा मला कंटाळा आला होता. माझ्यामुळे तुझ्या गोळ्या चुकल्या. मला माफ कर."